आम्ही अंतराळात आरमार बांधतो

वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर माणसाने काय करावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहून ठेवलेले आहे. तीर्थयात्रा करावी, पारायणे करावीत, निवृत्तिवेतनाचे कागद एका फायलीत लावून ठेवावेत. अंतराळात जहाजांचा ताफा बांधून परक्या ग्रहांवरील धातू लुटून आणावा, असे मात्र कोणी सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. तरीही गेले काही महिने आम्ही तेच करीत आहोत. डोकमर्डीच्या आमच्या घरात, संध्याकाळचा चहा झाल्यावर, चष्मा नाकावर सारून आम्ही मोबाइलच्या पडद्यावर आमची खाण किती भरली ते पाहतो, आणि आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारतात, "आज कोणावर स्वारी?"

हा छंद आम्हांस हौसेने जडलेला नाही. तो एका चुकीतून जडला, आणि ती चूक आमची होती. म्हणून प्रथम ती सांगितली पाहिजे.

आम्ही ज्या शाळेत मुख्याध्यापक आहोत तेथे नववीच्या वर्गात एक मुलगा आहे. वडील मूळचे खानदेशातले, सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कामाला. हा मुलगा तासाला झोपू लागला. एकदा, दोनदा, मग रोजच. एके दिवशी त्याच्या दप्तरात मोबाइल सापडला. आम्ही तो जप्त केला, तेव्हा पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, दुपारपर्यंत तरी द्या हो. माझ्या ताफ्यावर हल्ला यायचाय." सारा वर्ग हसला. आम्हांस मात्र राग आला. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांस बोलावून घेतले आणि काही तातडीचे काम निघाल्यामुळे त्यांना दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवले. मग मुलासमोरच त्यांना दोन शब्द सुनावले. ते गृहस्थ रातपाळी करून थेट शाळेत आले होते, हे आम्ही विचारलेच नाही. मान खाली घालून ते एवढेच म्हणाले, "सर, मी रात्री घरी नसतो. हा काय करतो, मला कसं कळावं?"

त्या दिवशी त्या मुलाची वही आम्ही सहज उलटी धरली. मागच्या पानांवर आकड्यांचे तक्ते होते. साठ, नव्वद, एकशे पस्तीस, दोनशे दोन. प्रत्येक आकडा मागच्याच्या दीडपट. चक्रवाढीचे उदाहरण फळ्यावर सोडविता न आल्याने ज्या मुलास आम्ही उभे केले होते, त्याने वीस पायऱ्यांपर्यंत दीडपटीची चढती मांडून ठेवली होती आणि शेजारी प्रत्येक पायरीस किती तास लागतील तेही लिहिले होते. आम्ही वही मिटली. संध्याकाळी त्याला बोलावून म्हटले, "अरे, हा तुझा खेळ आहे तरी काय, ते मला दाखव."

हा खेळ आहे तरी काय?

संगणकावरील खेळांच्या इतिहासात अंतराळयुद्धाचा मान फार जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. मध्यभागी एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण, आणि भोवती एकमेकांवर नेम धरणारी दोन जहाजे. अशा यंत्रावर खेळ खेळावा, हे त्या काळी नवलच होते. पुढे १९८४ साली इंग्लंडात 'एलीट' आला. त्यात लढाईबरोबर अंतराळातील व्यापारही होता. मग इंटरनेट आले आणि खेळणारे एका खोलीत असण्याची गरज संपली. जर्मनीतील गेमफोर्ज या कंपनीचा 'ओगेम' २००२ साली सुरू झाला, तर २००३ साली आइसलंडमधील सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन'. आमचा विद्यार्थी खेळत होता तो ओगेम. आम्हीही तोच धरला.

जुन्या वाचकांस हा खेळ समजण्यास एक दाखला पुरेल. आपल्यापैकी काहींनी पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळलेले असेल. खेळी लिहून कार्ड टाकावयाचे आणि उत्तराची आठवडाभर वाट पाहावयाची. ओगेममध्येही तसेच आहे. येथे बोटांची चपळाई लागत नाही. खाण वाढविण्याचा हुकूम दिला की ती काही मिनिटांनी वा काही तासांनी वाढते. जहाज धाडले की ते घड्याळाच्या खऱ्या काळाने पोचते. फरक असा की येथे एकच प्रतिस्पर्धी नसून एका 'विश्वात' हजारो असतात, आणि आपण पट मिटून झोपी गेलो तरी डाव चालूच राहतो. या शेवटच्या वाक्यात या खेळाची सारी गंमत आहे आणि सारा धोकाही.

अंतराळ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा येतात. त्या वाचून वाढलेल्यांना या खेळात शास्त्र थोडे कमीच वाटेल. अर्थशास्त्र मात्र भरपूर सापडेल.

पहिला दिवस : खाणी आणि वीज

खेळात नाव नोंदविले की आपणांस एक ओसाड ग्रह मिळतो. त्याला आकाशगंगा, सूर्यमाला आणि स्थान असा तीन आकड्यांचा पत्ता असतो. एका आकाशगंगेत ४९९ सूर्यमाला आणि प्रत्येकीत पंधरा स्थाने. गाठीशी ५०० धातू आणि ५०० स्फटिक. तिसरे द्रव्य म्हणजे ड्युटेरियम. तेच जहाजांचे इंधन. हे नाव ऐकून आम्हांस बरे वाटले, कारण ही काल्पनिक वस्तू नव्हे. ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. १९३१ साली हॅरॉल्ड युरी यांनी तो शोधून काढला. निसर्गातील साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंत एखादाच तो असतो. आमच्यापासून फार लांब नसलेल्या तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांत जे जड पाणी वापरतात, त्यातला जडपणा याच अणूचा. खेळात ग्रह जितका थंड तितके ड्युटेरियम अधिक मिळते.

नवख्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. तो जहाजे बांधण्याकडे धावतो. आम्हीही धावणार होतो, पण आमच्या छोट्या गुरुजींनी हात धरला. "सर, आधी वीज."

त्याने हिशेब मांडून दाखविला तो असा. सौर वीजकेंद्राच्या पहिल्या पायरीस ७५ धातू आणि ३० स्फटिक पडतात आणि २२ एकक वीज मिळते. धातूच्या पहिल्या खाणीस ६० धातू व १५ स्फटिक, तर स्फटिकाच्या पहिल्या खाणीस ४८ धातू व २४ स्फटिक लागतात. दोन्ही खाणी प्रत्येकी ११ एकक वीज खातात. म्हणजे एक वीजकेंद्र आणि दोन खाणी यांचा मेळ बरोबर बसतो. वीज कमी पडली की खाणी त्या प्रमाणात मंदावतात, मग त्या कितीही खोल असोत. सिल्वासाच्या कारखान्यांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे समजावून सांगावयास नको.

पुढचा हिशेब अधिक मोलाचा आहे. धातूच्या खाणीची प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दीडपट महाग असते. दहाव्या पायरीस सुमारे २,३०० धातू लागतो, विसाव्या पायरीस सुमारे १,३३,०००. खर्च जवळजवळ ५८ पट झाला. उत्पन्न मात्र, खेळाच्या मूळ गतीने, दहाव्या पायरीवर ताशी सुमारे ७७८ आणि विसाव्या पायरीवर ताशी सुमारे ४,०३६. म्हणजे पाच पटींहून थोडेच अधिक. जसजसे वर जावे तसतशी प्रत्येक पायरी उशिरा फेडते. म्हणून जाणता खेळाडू एकाच खाणीमागे लागत नाही. धातू पुढे, स्फटिक त्याच्या दोन-तीन पायऱ्या मागे, ड्युटेरियम त्याहून मागे, आणि वीज नेहमी एक पाऊल आधी. शेतकरी सारे बियाणे एकाच वावरात टाकीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आम्ही तीस वर्षे शिकवीत आहोत. घातांकाने वाढणारा खर्च आणि त्याच्या मागे रेंगाळणारे उत्पन्न यांतील फरक इतक्या सहज आम्ही कोणाच्या गळी उतरविला असेल असे वाटत नाही.

जहाजे कोणती बांधावीत?

खाणी मार्गी लागल्या की यंत्रमानवांचा कारखाना काढावा. त्याची दुसरी पायरी गाठल्यावर जहाजबांधणीचा तळ उभारता येतो. संशोधनशाळाही बरोबरीने हवी, कारण इंजिनाचा शोध लागल्याखेरीज जहाज हलत नाही.

पहिले जहाज लढाऊ नसावे, मालवाहू असावे. छोट्या मालवाहू जहाजास २,००० धातू आणि २,००० स्फटिक लागतात आणि त्यात ५,००० एकक माल मावतो. त्याच्या जोडीला हेरयान. त्याची किंमत अवघे १,००० स्फटिक. हेरयान पाठवून शेजारच्या ग्रहावर किती माल पडला आहे आणि रखवाली कशी आहे ते पाहावयाचे. पुष्कळ लोक खेळ सोडून निघून गेलेले असतात; त्यांच्या खाणी मात्र चालूच असतात. अशा बेवारशी ग्रहांवरील माल आणणे, हे नवख्याचे पहिले उत्पन्न. एका फेरीत साधारणतः निम्माच माल उचलता येतो. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे चौथाईपेक्षा जास्तच की!" पेशवाईचा इतिहास त्यांना आमच्याहून चांगला येतो.

आता लढाईविषयी. दोन ताफे भिडले की जास्तीत जास्त सहा फेऱ्या होतात. तेवढ्यात निकाल लागला नाही तर हल्लेखोर परत फिरतो. जी जहाजे नष्ट होतात त्यांच्या धातू-स्फटिकांपैकी ३० टक्के, मूळ नियमाप्रमाणे, भंगार होऊन ग्रहाभोवती तरंगत राहतात. ते गोळा करण्यासाठी 'रिसायकलर' नावाचे खास जहाज असते. त्यात २०,००० एकक मावतात. पुष्कळदा हल्लेखोराचा डोळा ग्रहावरील मालावर नसतोच. तो या भंगारावर असतो. जमिनीवर तोफा उभारल्या असतील तर त्या लढाईत पडल्या तरी सुमारे सत्तर टक्के पुन्हा उभ्या राहतात, आणि त्यांचे भंगार सहसा होत नाही.

यावरून संरक्षणाचे जे तत्त्व निघते ते आम्हांस फार आवडले. आपला ग्रह अजिंक्य करावयाचा नसतो. ते कोणासच साधत नाही. तो इतकाच अवघड करावयाचा की हल्ला करणाऱ्यास मिळणाऱ्या मालापेक्षा त्याचा खर्च अधिक व्हावा. मग तो स्वतःच हिशेब करून दुसरीकडे जातो. खेळाचे नियमही दुबळ्यास थोडा आधार देतात. नवख्यावर फार बलाढ्य खेळाडूस हल्ला करता येत नाही. एकाच ग्रहावर चोवीस तासांत सहांपेक्षा अधिक हल्ले सर्वसाधारणपणे निषिद्ध आहेत. एका विश्वात एका माणसाने एकच खाते ठेवावयाचे असते.

आमची फजिती

इतके शिकवूनही आम्ही शेवटी आमच्या मनाचे केलेच. नवख्यांचे छत्र डोक्यावरून निघाले होते, तरी वीस हलकी लढाऊ जहाजे आणि बारा मालवाहू अशी बत्तीस जहाजे आमच्या ग्रहावर उभी होती, आणि आम्ही ती रोज रात्री डोळे भरून पाहून निजत होतो. एके सकाळी उठलो तो जहाजे नाहीत, निम्मा माल नाही, आणि एक निरोप आलेला: लढाई दुसऱ्या फेरीत संपली. कोणी एक परदेशी गृहस्थ क्रूझर जातीची जहाजे घेऊन आले होते. हे जहाज हलक्या लढाऊ जहाजांवर एकाच फेरीत लागोपाठ अनेक वेळा मारा करू शकते, हे आम्हांस तेव्हा कळले.

त्या सकाळी आमचे प्रार्थनेत लक्ष नव्हते, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. मधल्या सुट्टीत आम्ही त्या मुलास हळूच गाठले. त्याने आकडे ऐकले, डोळे मिटले आणि तोंडी हिशेब केला. "वीस लाइट फायटर म्हणजे साठ हजार धातू, वीस हजार स्फटिक. बारा मालवाहू म्हणजे चोवीस आणि चोवीस. चौऱ्याऐंशी आणि चव्वेचाळीस. त्याचे तीस टक्के... सर, पंचवीस हजार दोनशे धातू आणि तेरा हजार दोनशे स्फटिक तुम्ही त्याला आयते दिलेत. दोन रिसायकलरमध्ये घेऊन गेला असेल."

मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "आता कळलं ना सर, मी का जागतो ते?"

कळले. त्याचे कारण घड्याळात होते. हा खेळ युरोपात जन्मला आणि आमच्या विश्वातले बहुतेक खेळाडू तिकडचे. जर्मनीचे घड्याळ आपल्या मागे. उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तिकडे रात्रीचे आठ वाजतात, माणसे जेवूनखाऊन खेळावयास बसतात, तेव्हा आमच्याकडे साडेअकरा-साडेबारा होतात. म्हणजे त्यांचा खेळाचा वेळ तो आपला झोपेचा. त्यात हा मुलगा एका संघात सामील झालेला. संघाच्या म्होरक्याने त्याला रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले होते, कारण त्याच्या घरी रात्री विचारणारे कोणी नव्हते. आई दिवसभराच्या कामाने थकून झोपलेली, वडील पाळीवर. चौदा वर्षांचा पोरगा चादरीखाली मोबाइल धरून अनोळखी माणसांच्या ग्रहांची राखण करीत होता, आणि सकाळी आम्ही त्याला आळशी म्हणत होतो.

रात्रीची पाठवणी

या खेळात झोपेवर एक उतारा आहे. तो प्रत्येक नवख्याने पहिल्या आठवड्यातच शिकावा. इंग्रजीत त्याला 'फ्लीटसेव्ह' म्हणतात. आम्ही 'रात्रीची पाठवणी' म्हणतो. वाटेत असलेल्या ताफ्यावर हल्ला करता येत नाही, हा त्याचा पाया. म्हणून झोपण्यापूर्वी सारी जहाजे ग्रहावरचा सारा माल पोटात घेऊन बाहेर धाडावयाची. वेग दहा टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत ठरविता येतो. मंद वेगास इंधनही कमी लागते. अंतर आणि वेग असे जुळवावयाचे की रात्री साडेनऊला निघालेला ताफा सकाळी आपण उठल्यानंतरच परतावा. रात्री कोणी आले तर त्याला रिकामा ग्रह सापडतो, आणि रिकाम्या ग्रहासाठी कोणी इंधन जाळीत नाही.

मुलास ही युक्ती ठाऊक होती. पण पळून जाणे त्याला कमीपणाचे वाटे. आम्ही त्याला गनिमी काव्याची आठवण दिली. मोकळ्या मैदानात मोठ्या फौजेसमोर न थांबणे यास आपल्या इतिहासाने भ्याडपणा म्हटलेले नाही.

आणि मग त्याला आमच्याच प्रदेशाची गोष्ट सांगितली. ती येथल्या नव्या पिढीस फारशी ठाऊक नसते. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या 'सांताना' नावाच्या युद्धनौकेस हानी पोचविली. त्या नुकसानीच्या भरपाईचा प्रश्न तहात आला. १७७९ च्या तहाने वर्षाकाठी १२,००० रुपये वसुलाचा मुलूख पोर्तुगीजांस द्यावयाचे ठरले आणि १७८३ साली नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. पुढे १७८५ साली दादराही त्यांच्याकडे गेले. ते राज्य हटविण्यास २ ऑगस्ट १९५४ उजाडावा लागला. भारतात विधिवत विलीनीकरण झाले ते ११ ऑगस्ट १९६१ रोजी. समुद्रावरच्या एका जहाजापायी समुद्रापासून आत असलेल्या आमच्या दमणगंगेकाठच्या गावांनी पावणेदोनशे वर्षे परक्यांचे राज्य पाहिले. लढाई कोणती करावी आणि तिची किंमत पुढे कोण भरील, हा विचार आरमाराच्या धन्याने आधी करावयाचा असतो.

किंमत कोण भरील, याचे एक उदाहरण या खेळांच्या जगातही आहे. ईव्ह ऑनलाइन या खेळात २७ जानेवारी २०१४ रोजी एक लढाई जुंपली. एका बलाढ्य संघाचा एका सूर्यमालेवर ताबा होता आणि त्या ताब्याचे भाडे वेळेवर भरले गेले नाही. ताबा सुटताच विरोधक तुटून पडले. सुमारे एकवीस तास युद्ध चालले, साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले आणि 'टायटन' जातीची ७५ अजस्र जहाजे नष्ट झाली. खऱ्या पैशात ते नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात मोजले गेले. मुळाशी काय, तर न भरलेले एक बिल! वीजबिलाची तारीख विसरणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावावी.

पालकांसाठी चार गोष्टी

हा लेख वाचून ज्यांच्या घरी असा एखादा सेनापती आढळेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पैशाची. असे खेळ फुकट सुरू होतात, पण आत दुकान असते. ओगेममध्ये 'डार्क मॅटर' नावाचे चलन खऱ्या पैशांनी विकत मिळते आणि त्याने कामे लवकर होतात. हा खेळ जिंकून पैसे मिळत नाहीत, पण जाऊ मात्र शकतात. मोबाइलला पैसे देण्याची सोय जोडलेली असेल तर तिचा आकडा मुलाच्या हाती देऊ नये. पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावावयाचे ऑनलाइन खेळ ही याहून निराळी जात. त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मनाई केली आहे; त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धात्मक खेळांस मान्यताही दिली आहे. दोहोंत गल्लत करू नये.

दुसरी गोष्ट ओळखीची. संघात गोड बोलणारा माणसू कोण, किती वयाचा, हे कळण्यास मार्ग नसतो. नाव, शाळा, पत्ता, छायाचित्र यांतले काहीही देऊ नये, असे मुलास एकदा नव्हे, दहादा सांगावे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली जो कायदा झाला त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालकच आहे.

तिसरी गोष्ट आजाराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तीत खेळाच्या विकृतीची नोंद आहे. पण खेळणे म्हणजे ती विकृती नव्हे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे, आणि हे सारे साधारणपणे वर्षभर टिकणे, अशी तिची लक्षणे सांगितली आहेत. अशी चिन्हे दिसल्यास रागावण्यापेक्षा डॉक्टरांकडे न्यावे.

चौथी गोष्ट सुट्टीची. ओगेममध्ये 'सुट्टीची अवस्था' असते. ती लावली की निदान दोन दिवस ग्रहावर हल्ला होत नाही, खाणीही थांबतात. परीक्षेच्या काळात ती लावता येते. खेळ रचणाऱ्यांनीच जो दरवाजा ठेवला आहे तो मुलांस दाखवून देणे आपले काम.

पुढे काय झाले

आम्ही त्या मुलास सांगितले, "तुझ्या संघाच्या म्होरक्याला लिही, की रात्री दहा ते सकाळी साडेपाच मी हजर नसेन."

"सर, काढून टाकतील मला."

"काढू देत. तो काय तुझ्या वार्षिक परीक्षेला बसणार आहे?"

त्याने शब्दकोश घेऊन इंग्रजी निरोप लिहिला. आम्ही त्यातील दोन चुका दुरुस्त केल्या. तीन दिवस उत्तर आले नाही. ते तीन दिवस मुलगा फार अस्वस्थ होता आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही होतो. चौथ्या दिवशी उत्तर आले, एका शब्दाचे: 'ओके'. इतक्या रात्री ज्यासाठी जाळल्या ती गोष्ट एका शब्दात मिटली, हे पाहून तो हसला नाही, गप्प झाला.

याच बोलण्यात त्याच्या तोंडून निघून गेले, की आम्ही वडिलांस शाळेत बसवून ठेवले त्या दिवशी त्यांना झोप मिळाली नाही, संध्याकाळी डोळा लागला, कारखान्याच्या फाटकावर पोचावयास उशीर झाला आणि त्यांचा खाडा पडला. एका दिवसाची मजुरी गेली. मुलाने हे तक्रार म्हणून सांगितले नव्हते.

पुढल्या रविवारी आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. एक खोली, एक पंखा, भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल. चहा झाला. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी माझी चूक झाली. तुम्ही रातपाळीवरून आलात, हे विचारावयास हवे होते." ते गृहस्थ ओशाळले. "अहो सर, तुम्ही पोराच्या भल्यासाठीच बोललात." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "सर, तेवढं एक सांगा. हा खेळ वाईट आहे का?"

तीस वर्षांत पालकांनी आम्हांस नाना प्रश्न विचारले. याचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही बराच वेळ पंख्याकडे पाहिले. म्हणालो, "खेळ वाईट नाही. त्याने हा गणित शिकला, ते मी शिकवू शकलो नव्हतो. पण त्याची वेळ वाईट आहे. रात्री दहा वाजता मोबाइल आईच्या उशाशी गेला पाहिजे."

ती माउली आतापर्यंत बोलली नव्हती. ती म्हणाली, "उशाशी नको सर, तो काढून घेईल. मी पिठाच्या डब्यात ठेवीन."

मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही घड्याळाकडे पाहिले. साडेनऊला ताफा धाडावयाचा होता, त्याचाही आणि आमचाही. अजून बराच अवकाश होता. त्याने वही आणली आणि आम्ही दोघे मंद वेगाचा हिशेब करीत बसलो.